एक वर्षाची बंदी

आमच्या मंडळाचे सेक्रेटरी शुद्ध मराठीचे भक्त होते. मला त्याचं काही नव्हतं. शारजात राहून कोणी फ्रीजला शीतकपाट म्हणत असेल तर म्हणो बापडा, आपल्या खिशातून काय जातं? पण त्यांच्या त्या भक्तीची किंमत मोजली एका तिसऱ्याच माणसाने, ज्याला ऱ्हस्व-दीर्घाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याबद्दल सेक्रेटरींनी आजवर चकार शब्द काढलेला नाही. म्हणून मी काढते आहे.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही तेव्हा अल मजाजला, खाडीकाठच्या एका टॉवरमध्ये राहायचो. नवरा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत, मी दुबईत एका ट्रेडिंग ऑफिसात, मुलगी दुसरीत. मंडळ म्हणजे गणपती, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि जमलं तर एखादं नाटक. सगळं कोणाच्या तरी हॉलमध्ये सोफे भिंतीला सरकवून व्हायचं. मी कमिटीत होते कारण माझ्या ऑफिसात फॅक्स होता. हे मला कोणी तोंडावर सांगितलं नाही, पण मला कळत होतं.

त्या सुमारास आपल्याकडच्या, म्हणजे राज्याच्या, एका सरकारी खात्याने नवंच अनुदान काढलं. परदेशात तुरुंगात अडकलेल्या आपल्या राज्यातल्या माणसांना दुभाषी, वकील आणि सुटल्यावर परतीचं तिकीट यासाठी मदत द्यायची, आणि ती 'स्थानिक संस्थे'मार्फत द्यायची. सेक्रेटरींनी ताबडतोब मंडळाचं नाव लावलं. आमचं मंडळ यूएईत कुठेच नोंदवलेलं नव्हतं, ते नोंदवलेलं होतं डोंबिवलीत, सेक्रेटरींच्या मेहुण्याच्या पत्त्यावर. तर अशी आमची ती स्थानिक संस्था. खात्याला तेवढं पुरलं. नियमांची एक पुस्तिका आली आणि सेक्रेटरी ती पोथीसारखी काखेत घेऊन हिंडायला लागले.

त्या पुस्तिकेत कैद्याला कुठेही कैदी म्हटलेलं नव्हतं. सगळीकडे 'बंदी'. बंदीचे नाव, बंदीचे वय, बंदीचा मूळ जिल्हा. खर्चाला खर्च नव्हतं, 'विनियोग' होतं. सेक्रेटरींना ती भाषा इतकी आवडली की घरी बायकोलाही ते भाजीचा विनियोग विचारत असतील असं मी नवऱ्याला म्हटलं, तर तो मलाच म्हणाला, तू जरा गप्प बस.

अनुदान मंजूर व्हायला एक तरी प्रकरण हवं होतं. वर्षाच्या आत एकही बंदी मिळाला नाही तर अनुदान 'व्यपगत', म्हणजे गेलं. झालं, आमची मंडळी तुरुंगात आपला कोणी आहे का ते शोधायला लागली. मंगळागौरीला सवाष्णी शोधतात तशी. आणि एक सापडला.

अल कुसैसला शाळेची व्हॅन चालवणारा एक कोकणातला माणूस होता. आमच्या बिल्डिंगमधली मुलं त्याच्याच व्हॅनने जात. त्याचा धाकटा भाऊ एसीच्या डक्टचं काम करायचा. त्याच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो आला होता त्या मालकाने, कित्येक महिने पगारच दिला नाही. पोट भरायला म्हणून पोरगा दुसऱ्या साइटवर कामाला लागला. कफीलने पळून गेल्याची तक्रार केली, साइटवर पोलीस आले आणि याला घेऊन गेले. थोड्या दिवसांची शिक्षा झाली, ती त्याने भोगून संपवलीसुद्धा. आता फक्त मायदेशी पाठवायचं बाकी होतं. पण पाठवायला तिकीट लागतं, आणि ते कफीलने द्यायचं असतं. तो फोन उचलत नव्हता. तिकीट येईपर्यंत माणूस आतच. शिवाय पुढे एक वर्ष इकडे यायला बॅन.

गावाकडे हे कोणालाच माहीत नव्हतं. धाकट्याचा साखरपुडा झालेला होता. मुलगी पलीकडच्याच वाडीतली, यांच्या ओळखीतली, आणि याला मनापासून पसंत. घरी आईला आणि सोयऱ्यांना सांगितलं होतं, समुद्रात बेटावर मोठं काम चालू आहे, तिथे फोन नाही, काम संपलं की येतो. लग्नाची तारीख त्याच्यासाठी अडली होती. मोठा भाऊ मला म्हणाला, "ताई, एकदा का तो घरी पोचला की खलास, सगळं ठीक होतं. कोणाला कळायचं कारणच नाही." त्याला एवढंच हवं होतं. भावाने गुपचूप घरी पोचावं आणि बोहल्यावर उभं राहावं.

पुढच्या शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये बैठक झाली. सेक्रेटरी, कमिटीतले दोघं-तिघं, व्हॅनवाला भाऊ दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर, आणि मी चहा देत, कारण ठरावात माझं मत असो वा नसो, चहा माझाच होता.

मी सरळ विचारलं, "तिकीट कितीला आहे?"

"सातशे दिरहम," भाऊ म्हणाला. "म्हणजे आठ हजार रुपये धरा. माझ्याजवळ आहेत, ताई. लग्नासाठी ठेवलेत."

"मग उद्याच काढा. यल्ला, चला, विषय संपला. लग्नाला काय लागेल ते आपण सगळे मिळून बघू."

सेक्रेटरींनी हात वर केला. "वहिनी, प्लीज. इमोशनल होऊ नका. रूल काय सांगतो? मंजुरीपूर्वी केलेला खर्च अनुज्ञेय नाही. आणि दुसऱ्या मार्गाने खर्च भागला, तर प्रकरण बाद. यांनी तिकीट काढलं की हा बंदी आपल्या हातातून गेला. आपल्याकडे दुसरी केस आहे का?"

"म्हणजे त्याने आत बसायचं? तुमची केस व्हावी म्हणून?"

"आपली केस, वहिनी. आपली. ही पास झाली की पुढच्या दहा जणांचा रस्ता मोकळा. मोठा विचार करा."

मग ते भावाकडे वळले आणि आवाज एकदम मऊ केला. म्हणाले, सरकारी तिकिटाबरोबर सरकारी पत्रही मिळेल, ते दाखवलं की बॅनसुद्धा कमी होऊ शकतो, इन्शाल्ला. असलं काही पुस्तिकेत नव्हतं, ती मी आडवीतिडवी वाचली होती. मी तसं म्हटलंही. पण भाऊ माझ्याकडे बघतच नव्हता. साहेब माणूस टाय लावून सांगतोय म्हटल्यावर चहावालीचं कोण ऐकतो? "साहेब म्हणतात तर थांबू थोडे दिवस," तो म्हणाला. "तेवढेच पैसे लग्नाला होतील."

त्याच बैठकीत अर्ज लिहिला गेला. सेक्रेटरी सांगत होते, एक जण लिहीत होता. शिक्षेचा तपशील झाला, मग त्या वर्षभराच्या बॅनचं लिहायची वेळ आली. लिहिणाऱ्याने विचारलं, "बॅन असंच लिहू ना?"

सेक्रेटरींना ठसकाच लागला. "बॅन? शासनाच्या दारात आपण बॅन घेऊन जायचं? इथे राहून आपण भाषा विसरलो असं होईल ते."

"अहो, इथे प्रत्येक जण बॅनच म्हणतो," मी म्हटलं. "मल्याळी बॅन म्हणतो, पठाण बॅन म्हणतो. बॅन लिहा, शेंबड्या पोरालाही कळेल."

"शेंबड्या पोरासाठी लिहीत नाहीये, वहिनी. शासनासाठी लिहितोय." आणि त्यांनी प्रत्येक शब्द सुटा करून सांगितला, "सदर इसमास, शिक्षेव्यतिरिक्त, एक वर्षाची बंदी आहे."

वाक्य सगळ्यांना आवडलं. एकाने तर वा म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी ते माझ्या ऑफिसातून फॅक्स केलं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपण हसत म्हणतो. आत बसलेल्याला ते हसत म्हणता येत नाही. व्हॅनवाला दर आठवड्याला भेटीला जाऊन यायचा आणि मुलांना सोडताना खाली माझ्याशी दोन शब्द बोलायचा. सुरुवातीला म्हणाला, बरा आहे, जेवण मिळतं, झोपायला जागा आहे. मग म्हणाला, त्याच्याबरोबरचे सगळे गेले, नवे आले, तेही गेले. केरळवाल्यांचं तर कोणीतरी येतं, तिकीट ठेवतं आणि माणूस घेऊन जातं. मग एकदा म्हणाला, "ताई, तो विचारत होता, माझी शिक्षा वाढवली का म्हणून."

मी दोनदा सेक्रेटरींना फोन केला. पहिल्यांदा ते म्हणाले, प्रकरण प्रक्रियेत आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, वहिनी, तुमचा स्वभाव जरा उतावळा आहे. मी फोन आपटला. व्हॅनवाल्याला दर वेळी सांगायचे, तिकीट काढा हो, यांच्या नादाला लागू नका. पालथ्या घड्यावर पाणी. इतके दिवस थांबलो, आता मधेच सोडलं तर थांबलेलं फुकट जाईल, असं त्याला वाटायचं. शेअरमध्ये पैसे घालून बसलेली माणसं असंच म्हणतात.

गावाकडे मुलीचे वडील विचारायला लागले होते, बेटावरचं काम संपतंय की नाही? आईने चतुर्थीचा वायदा दिला होता, मग दसऱ्याचा, मग तुळशीच्या लग्नाचा.

आणि मग फॅक्स आला. माझ्याच ऑफिसात, माझ्याच हातात. मी उभ्या उभ्या वाचला आणि मग खुर्ची ओढून पुन्हा वाचला. खात्याने कळवलं होतं की प्रस्ताव तपासला असता असे निदर्शनास येते की सदर इसमासोबत एक वर्षाची बंदी आहे. तरी सदर अल्पवयीन बंदीचे नाव, जन्माचा दाखला व तिच्या मातेचे संमतीपत्र तात्काळ सादर करावे. तसेच एक वर्षाच्या बालिकेस पुरुषांच्या कारागृहात कोणत्या कारणास्तव ठेवण्यात आले आहे याचा खुलासा करावा. बालिकेचा विषय या खात्याच्या कक्षेत येत नसल्याने प्रकरण लहान मुलांचं पाहणाऱ्या दुसऱ्या खात्याकडे वर्ग करण्यात येत आहे.

मी हसले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. घरी नवऱ्याला वाचून दाखवला तेव्हाही हसत होते. मुलगी होमवर्क करता करता ऐकत होती. ती म्हणाली, "मम्मा, व्हाय इज द बेबी इन जेल? व्हॉट डिड शी डू?"

तेवढ्यात नवऱ्याने कागद हातात घेतला आणि खालची ओळ वाचली. ती मी पाहिलीच नव्हती. प्रत, माहितीसाठी व पुढील चौकशीसाठी, तालुक्याच्या कचेरीकडे. माझं हसू तिथेच संपलं.

सेक्रेटरींना मी त्याच संध्याकाळी गाठलं. त्यांनी फॅक्स वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मला वाटलं, आता तरी हा माणूस कपाळाला हात लावेल. ते म्हणाले, "वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. दोष वाचणाऱ्याचा आहे."

"अहो, त्याचं लग्नसुद्धा झालेलं नाही! गावात चौकशी जाणार आहे. त्याच्या घरच्यांना तुरुंगाचंच माहीत नाही, आणि तुम्ही त्याला पोर लावून दिलंत!"

"आपण खुलासा पाठवू. प्रॉपर चॅनेलने. एवढं पॅनिक होण्यासारखं काही नाही."

मी तिथून निघाले ती थेट अल कुसैसला गेले. व्हॅनवाल्याच्या खोलीवर मी कधी गेले नव्हते. तो लुंगीवरच बाहेर आला. मी त्याला फॅक्सचं सगळं सांगितलं, खालच्या ओळीसकट. तो हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "तालुक्याला कधी पोचलं असेल?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिकीट काढलं आणि त्याच आठवड्यात त्याचा भाऊ विमानात बसला. एवढंच काम होतं. इतके महिने एवढ्याच कामासाठी तो आत बसला होता.

पण कागद माणसाच्या आधी पोचला होता. तलाठी भला माणूस होता म्हणे. त्याला वरून विचारणा आली, तो विचारायला गेला. अंगणात बसून, पाणी पिऊन, त्याने आईला विचारलं की तुमचा धाकटा मुलगा दुबईच्या तुरुंगात आहे, त्याच्यासोबत त्याची एक वर्षाची मुलगी आहे, तर तिचा जन्माचा दाखला तुमच्याकडे आहे का? त्या वेळी अंगणात साखरपुडा झालेल्या मुलीचे काका बसले होते. लग्नाच्या याद्या करायला आले होते ते.

धाकटा तीन-चार दिवसांनी घरी पोचला तेव्हा साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत आलेली होती. तो मुलीकडे गेला. तिच्या वडिलांनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, तुरुंगाचं आम्ही एक वेळ पोटात घातलं असतं, तिकडे काय, कोणालाही धरतात. पण आमच्या मुलीने दुसऱ्या बाईच्या पोरीची सावत्र आई व्हायचं का? याने देवाची शपथ घेतली. ते म्हणाले, सरकारी कागद आहे बाबा, सरकार कशाला खोटं लिहील?

व्हॅनवाला मंडळाकडे आला. त्याला पैसे नको होते, माफीही नको होती. त्याला चार ओळींचा दाखला हवा होता. आमच्या अर्जातला बंदी हा शब्द बॅन या अर्थाने होता, या माणसाला मूलबाळ नाही, खाली मंडळाचा शिक्का. मला वाटलं, एवढं तरी हे लोक देतील. कमिटी बसली. सेक्रेटरी म्हणाले, असं लेखी देणं म्हणजे आपला प्रस्ताव सदोष होता हे कबूल करणं, आणि त्याचा पुढच्या अनुदानावर परिणाम होईल. शिवाय असा दाखला देण्याची कुठे तरतूद नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते की कमिटी सोडली, आणि संक्रांतीला सेक्रेटरींच्या घरचं हळदीकुंकू जन्मात पुन्हा घेतलं नाही. दाखला मी माझ्या हाताने साध्या कागदावर लिहून दिला. मुलीच्या वडिलांनी तो वाचला आणि विचारलं, ही बाई कोण? पुढच्याच मोसमात त्यांनी मुलीचं लग्न दुसरीकडे लावून दिलं.

अनुदान व्यपगत झालं. त्याचं मंडळाला वाईट वाटलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याला सासरी होते. एके दिवशी फोन आला. भावाने नंबर दिला म्हणाला. गावातल्या बूथवरून बोलत होता. आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, इतके महिने ज्याच्यासाठी भांडले त्या माणसाचा. भावासारखाच हळू बोलणारा. आधी त्याने माझे आभार मानले, ते मला ऐकवेनात. मी म्हटलं, आभार कसले मानता, शिव्या द्या. तो म्हणाला, "नाही ताई, तुम्ही सांगत होता, दादाने ऐकलं नाही."

मग म्हणाला, "एक विचारायचं होतं. आईचं काय करू?"

"का? बरं नाही का त्यांना?"

"बरी आहे. गावाचं मला काही नाही, गाव बोलतं आणि विसरतं. पण ती रोज विचारते, पोरीला तिकडे कोणाकडे ठेवून आलास? मी सांगतो, आई, पोरगी नाहीच, तो लिहिण्यातला घोळ आहे. तर म्हणते, माझ्यापाशी लाजू नको, मी कोणाला भीत नाही, आण तिला, मी सांभाळीन. जुन्या लुगड्याची झबली शिवलीत तिने, ताई. पाच-सहा. काल सगळी बाहेर काढून बघत होती. म्हणाली, आता दोन वर्षांची झाली असेल, ही काही तिला व्हायची नाहीत."